मूठ फिरता कामा नये

रविनाचा बॉल फिरत नाही, हे आम्हाला शहापूरला जाईपर्यंत माहीतच नव्हतं. तो पडतो, एवढं मात्र मला चांगलं माहीत होतं. माझ्या नडग्यांवरचे निळे डाग बघा, तुम्हालाही कळेल.

मी कॅचर आहे. बेसबॉलमध्ये पिचर बॉल फेकते, आमच्यात ती रविना, समोरची बॅटनं मारते आणि मारणारीच्या मागे तोंडाला जाळी लावून, हातात एवढा मोठा ग्लोव्ह घालून जी उकिडवी बसते ती मी, माधुरी. रविनाचा बॉल पोटाच्या उंचीवर येतोय म्हणून मी ग्लोव्ह तिथे धरावा, तर शेवटच्या क्षणी तो खाली बसायचा आणि माझ्या नडगीवर आपटायचा. मारणाऱ्या पोरींचंही तेच व्हायचं. बॅट बॉलच्या डोक्यावर घासायची आणि बॉल घरंगळत आमच्याच पोरींच्या हातात जायचा. आम्ही मॅच जिंकायचो आणि मी तिला शिव्या घालायचे. माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या सगळ्या टोकावडे गावाला ठाऊक आहे.

एप्रिलच्या शेवटी शहापूरला जिल्ह्याच्या ज्युनियर संघाची निवड होती. तीन दिवसांचं शिबिर, शेवटच्या दिवशी मॅच आणि मग नावं. माझ्या हातात अजून एक वर्ष होतं. रविनाच्या नव्हतं, वयाच्या अटीत ती याच वर्षी बसत होती. मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या लाइनवर तिच्या भावानं तिच्यासाठी बोलून ठेवलं होतं. कामाला तिची ना नव्हती. पण राज्यात मेडल मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो, असं आमच्या शाळेच्या ज्ञानेश्वर सरांनी सांगितल्यापासून ती रोज पहाटे उठून रस्त्यानं पळत होती. आणि मेडलसाठी आधी संघात नाव पाहिजे. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून किन्हवलीवरून शहापूर, सगळा रस्ताभर ती खिडकीच्या गजावर बोटं वाजवत बसली होती. शेवटी मी तिचा हात ओढून तिच्याच मांडीवर ठेवला, तर तिनं दुसऱ्या हातानं वाजवायला घेतलं.

पहिल्याच दिवशी अनिता मॅडमनी मशीन लावलं. मॅडम पुण्याच्या, एकेकाळच्या पिचर, कमी बोलणाऱ्या. मी बसते त्याच्या मागे, तीन पायांच्या स्टँडवर डब्याएवढं काळं यंत्र. बॉल किती वेगानं आला आणि येताना कसा गरगरत आला, म्हणजे मिनिटाला किती गिरक्यांच्या हिशेबानं, असे दोन आकडे खुर्चीवरच्या टॅबवर उमटायचे. पोरी त्या खुर्चीभोवती निकाल लागल्यासारख्या जमल्या होत्या.

वेगात रविना कुणाला हार जात नव्हती. पण गिरक्यांमध्ये कल्याणच्या कुणालीचा आकडा दोन हजारांच्या घरात, बाकीच्यांचा सोळाशेच्या आसपास आणि रविनाचा हजाराच्या जेमतेम वर. कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी स्टँड जरा सरकवला आणि तिला पुन्हा टाकायला लावलं. आकडा तोच. मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या आणि पुढचीला बोलावलं.

आमच्याकडे आकडा कमी म्हणजे नापास. दहावीत तेच, डेअरीतल्या दुधाच्या फॅटमध्ये तेच. कमी आकडा चांगला, हे आम्ही फक्त ताप मोजताना पाहिलेलं. रविनाचं तोंड उतरलं. ती ओढणीचं टोक चावत मैदानाच्या कडेनं फिरायला लागली आणि दुपारच्या जेवणालाही बसली नाही.

कुणाली तशी मनानं चांगली पोर. ती आपणहून आली आणि रविनाच्या हातात बॉल देऊन दाखवायला लागली. "बोटांना बॉल चिकटला पाहिजे गं. सोडताना बोटांनी त्याला खाली ओढायचं, मग तो गरगरतो. तुझा नुसताच सुटतोय."

सुटणारच. रविनाचा हात भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, तयार झालेला. आवणाची रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात लावणाऱ्या बायांपुढे बांधावरून फेकतात. मूठ मुळांवर पडली पाहिजे. हवेत फिरली तर शेंड्यांवर पडते, तोंडावर चिखल उडतो आणि वाकलेल्या बाया कंबर सरळ करून फेकणारीचा उद्धार करतात. रविनाची आई, बाईजाकाकी, तर उलटा चिखलाचा गोळा फेकून मारायची. "मूठ फिरता कामा नये," हे एवढंच तिचं शिकवणं. रविना परकरात होती तेव्हापासून बांधावर उभी. तिची मूठ हातातून निघते तशीच जाऊन बसते, जरा कलत नाही. ज्ञानेश्वर सर टीमसाठी पोरी शोधत होते तेव्हा त्यांनी तिला तिथेच पाहिलं आणि बांधावरच तिच्या हातात बॉल दिला. तिनं तो मूठ फेकावी तसाच फेकला. पुढे चार वर्षं कोणी तिला दुसरं काही सांगितलं नाही.

आम्ही शहापुरात माझ्या हौसामावशीकडे उतरलो होतो. मावशीच्या परसात फणस आहे आणि एप्रिलमध्ये तिच्या घरी कच्च्या फणसाच्या भाजीशिवाय दुसरी भाजी मिळत नाही. त्या संध्याकाळी ती विळीला तेल लावून फणस कापायला बसली.

"पोरींनो, हाताला तेल लावल्याबिगर शिवू नका. चीक लागला तं पान्यानं जायचा नाय."

रविना अंगणात येरझारा घालत होती. ती एकदम आत आली आणि तेल न लावताच फणसाच्या फोडी उचलायला लागली. मी ओरडले. तिचं लक्षच नव्हतं. ती दोन बोटं एकमेकांना चिकटवायची, सोडवायची, पुन्हा चिकटवायची.

"काय खेल चाललाय तुझा?"

"काय नाय गो."

मी तिला तेलाची वाटी दिली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. तिनं करवंटीत चीक काढून ठेवला, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर करवंटी तिच्या डोक्यात घातली असती.

दुसऱ्या दिवशी तिचा आकडा वाढला. हजारावरून एकदम सोळाशेच्या पुढे. पोरींनी टाळ्या वाजवल्या. रविना पळत जाऊन टॅब बघून आली, दोन बॉल टाकले, पुन्हा बघून आली. मॅडम मात्र तिच्याकडे बघत राहिल्या.

"कालच्यापेक्षा वेगळं काय करतेयस?"

"मेहनत, मॅडम."

पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

आणि मी? आता बसेल म्हणून शेवटच्या क्षणी ग्लोव्ह खाली नेला तर बॉल खाली आलाच नाही, सरळ येऊन तोंडावरच्या जाळीवर आपटला. पुढचाही तसाच. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नडग्या शाबूत होत्या आणि मला चैन पडत नव्हतं. शिवाय बॉल ग्लोव्हमधून काढताना चिकटत होता. शहापूरच्या उन्हात चामडं पाघळलं असेल, असं मी मनाला सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही, कारण रविना लबाडी करील हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी तिनं मला किती वेळा विचारलं याची गणती नाही. "माझा नाव येल ना गो, माधुरी?" मी तरी काय सांगणार. "येल," म्हटलं की ती विचारायची, "कशावरून?" शेवटी मी तिच्या अंगावर खेकसले आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना हौसामावशीनं आम्हा दोघींच्या डोक्यावर खोबरेल थापलं. इतकं, की रविनाच्या वेणीतून मानेवर ओघळ येत होता. "ऊन लय हाय, डोका थंड राहील," असं तिचं म्हणणं. माझं डोकं तेलानं थंड होण्यातलं नाही, पण मावशीपुढे बोलायची सोय नव्हती.

मॅचसाठी शिबिरातल्या पोरींचे दोन संघ केले. एका बाजूनं रविना टाकणार, दुसऱ्या बाजूनं कुणाली. मशीन चालूच होतं. रविनानं पहिला बॉल टाकला, टॅबकडे बघितलं आणि समोरच्या पोरीनं तो उचलून थेट मैदानाबाहेरच्या झुडपात घातला. झुडपात शोधाशोध सुरू झाली आणि आम्हाला दुसरा बॉल मिळाला. तोही बदडला गेला. तिसरी पोर तर नवशिकी, आदल्या दोन दिवसांत तिच्या बॅटला बॉल लागला नव्हता, तिनंही फटका मारला. रविना दर बॉलनंतर टॅबकडे बघायची. आकडा झकास येत होता आणि पोरी धावतच होत्या.

माझं डोकं सटकलं. मी खेळ थांबवला, जाळी वर केली आणि तिच्याकडे चालत गेले. बॉल तिच्या हातात द्यायला गेले तर तो माझ्या तळव्याला चिकटला. मी वास घेतला. हा वास मला न ओळखता येईल तर मी हौसामावशीची भाची कसली.

"चीक?"

"हलू बोल."

"रविना, फनसाचा चीक लावलास तू बॉलाला?"

"आकडा वाढला ना पन! तूच बघितलास."

"आकडा वाढला नि बॉल मेला. कुणालीचा वर राहतो, बॅट खालून जाते. तुझा खाली बसायचा, बॅट वरून जायची. आता तो ना वर राहत ना खाली बसत. सगल्यांच्या बॅटीसमोर आयता येतोय."

हे मी तिला आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं की काय, पण आदल्या दिवशी मला ते असं शब्दांत सुचलं नव्हतं. जाळीवर आपटणारे बॉल मोजण्यात दिवस गेला होता.

"पूस आधी."

"पुसून जातो का चीक?" ती रडवेली झाली. "तेल पायजे."

मी तिची वेणी धरली आणि तिच्याच हातात दिली. तिला कळलं. तिनं बोटं वेणीत घासली, मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि मीही तिचा हात धरून घासायला लागले. लांबून ते झिंज्या ओढल्यासारखं दिसलं असणार, कारण ज्ञानेश्वर सर तिकडून ओरडले, "माधुरी, भांडू नका गं, मॅच चालू आहे!" मग तिनं हात मातीत चोळले, पँटला पुसले. नवा बॉल मागून घेतला.

"आता टॅबकडं बघितलास तं बघ," मी म्हटलं. "माझ्याकडं बघ. मी चिखलात उभी हाय. मूठ टाक."

मी जागेवर जाऊन बसले. बॉल आला, पोटाच्या उंचीवर आला, आणि बॅटच्या आधी खाली बसला. पोरीनं हवेत बॅट फिरवली आणि बॉल माझ्या नडगीवर असा लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. जन्मात कधी मार खाऊन इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढच्या दोघींचे बॉल घरंगळत आमच्या पोरींकडे गेले. आमची पाळी संपली तेव्हा रविना माझ्याकडे धावत आली आणि मला मिठीच मारली, जाळीसकट.

मग कुणाली टाकायला उभी राहिली. झुडपात गेलेला पहिला बॉल तोवर सापडला होता. तो तिच्या हातात गेला. तिनं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, थांबली आणि साधेपणानं म्हणाली, "मॅडम, याला काहीतरी लागलंय."

मॅडमनी बॉल हातात फिरवून पाहिला. त्यावर गवताच्या काड्या चिकटून बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. रविनाचे हात स्वच्छ, नुसता खोबरेलाचा वास. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि ग्लोव्ह मागितला. दोन दिवसांचा चीक, त्यावर बसलेली माती. ग्लोव्हचा तळ काळाकुट्ट झाला होता.

"हे तू लावलंस?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होताच. हो म्हणावं तर माझं नाव जाणार. मी खाली बघत उभी राहिले आणि मला मनातून इतका राग येत होता, मॅडमचा, कुणालीचा, त्या फणसाचा. आणि सगळ्यात जास्त शेजारी उभ्या असलेल्या बयेचा.

"माझाय चीक," रविना म्हणाली. "तिला ठावं नव्हता. फनसाचा हाय. माझा आकडा कमी येत होता म्हनून लावला."

मॅडमनी मशीन बंद केलं. खुर्चीवरचा टॅब उचलून त्या स्वतःच खुर्चीवर बसल्या.

"तुझा आकडा कमी होता, म्हणून तर मी तुला पहिल्याच दिवशी घ्यायचं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "बॉल उलटा गरगरत येतो तेव्हा हवा त्याला धरून ठेवते, पटकन पडू देत नाही. कुणालीचा तसा आहे. तुझा फिरतच नाही, म्हणून पडतो. मधले आकडे सगळ्या जगात असतात आणि ते मारायची सगळ्यांना सवय असते. असा पडणारा बॉल मी इतक्या वर्षांत या वयाच्या मुलीचा पाहिला नव्हता."

रविनानं मान वर केली. "मंग सांगितला का नाय, मॅडम?"

मॅडमनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. "सांगितलं असतं तर तू विचार करून टाकायला लागली असतीस. मला तो बिघडवायचा नव्हता."

"बिघडला ना पन."

"हो," मॅडम म्हणाल्या. "चूक माझीही आहे. पण बॉलला काही लावणारीला मी संघात घेऊ शकत नाही. आज कुणी बोललं नसतं तरी पुढे कधीतरी हे निघालं असतं."

ज्ञानेश्वर सर त्यांना बाजूला घेऊन बोलले, हात जोडून बोलले. मॅडम मान हलवत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्या रविनाला म्हणाल्या, "जानेवारीत म्हसा गावची जत्रा झाली की सिनियरची निवड असते. ये. हात धुऊन ये." सिनियरला हिच्या दुप्पट वयाच्या बायका असतात, वर्षानुवर्षं खेळलेल्या. शिवाय कंपनीत सुट्टी मिळेल न मिळेल. तरी रविना "हो मॅडम" म्हणाली. संध्याकाळी नावं वाचली, त्यात कुणालीचं होतं आणि माझं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत रविना सगळ्यांत पुढे होती.

परतीच्या एसटीत मी तिच्याशी बोलणार नव्हते. किन्हवलीपर्यंत बोललेही नाही. पण ती गजावर बोटं वाजवत नव्हती. दोन्ही हात मांडीवर नुसते पडले होते आणि ते बघून मला कसंतरीच व्हायला लागलं.

"माधुरी," ती म्हणाली, "म्हंजी माझा बॉल चांगला व्हता?"

"व्हता."

"पयल्यापासना?"

"पयल्यापासना."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. मुरबाड येईपर्यंत तिनं ते इकडे वळवलं नाही.

जुलैत बाईजाकाकीच्या खाचरात आवणी निघाली. रविनाला त्या दिवशी कंपनीची साप्ताहिक सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला राज्य स्पर्धेच्या शिबिराला पुण्याला जायचं होतं, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तरी मी लावायला गेले. घरात बसवत नव्हतं.

रविना बांधावर उभी होती. आम्ही बाया खाली चिखलात, वाकून. तिनं पहिली मूठ फेकली, ती माझ्या हातापाशी येऊन उभीच्या उभी बसली.

"फिरली का गो?" तिनं वरून विचारलं.

"नाय."

दुसरी फेकली. "आता?"

"नाय फिरली."

प्रत्येक मुठीला ती विचारत होती. बाईजाकाकीला काही कळेना. ती कंबर सरळ करून म्हणाली, "येडी झाली का काय ही पोर? उभा जनम मुठी टाकते, कधी फिरली का तुझी मूठ?" बाया हसल्या. रविनाही हसली, आणि पुढची मूठ फेकून तिनं पुन्हा विचारलंच, या वेळी जरा हळू.

उद्या माझ्यासमोर उभी राहून टाकणार होती ती कुणाली. तिचा बॉल वर राहतो. माझ्या नडग्यांना आता काही व्हायचं नव्हतं.

"फिरली का गो, माधुरी?"

"नाय फिरली," मी म्हणाले. मान वर केली नाही. डोळे पुसायला हात नेला, तर सगळा चिखल तोंडाला लागला.